एकच ग्राफिक्स कार्ड, विंडोजवर एक आकडा आणि लिनक्सवर दुसरा. तुलना करायची तरी कशी?

फ्रेमवेडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझा लॅपटॉप एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० कार्डाचा आहे, १६ जीबी रॅम, दोन एसएसडी, एकीवर विंडोज ११ आणि दुसरीवर उबुंटू (लिनक्स). परीक्षा संपल्यावर निवांत बसून दोन्हीकडे बेंचमार्क, म्हणजे वेग मोजायच्या चाचण्या, चालवले. एक युनिजिनचं सुपरपोझिशन आणि दुसरा सायबरपंक २०७७ मध्येच जो बेंचमार्क दिलेला असतो तो, लिनक्सवर अर्थात स्टीमच्या प्रोटॉनमधून (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवतं ते). दोन्हीकडे १०८०पी, सेटिंग एकसारखी.

सुपरपोझिशनमध्ये लिनक्स दहा-बारा टक्के मागे पडलं आणि सायबरपंकमध्ये तर वीसच्या वरच. रूमवरची पोरं म्हणतात लिनक्स गेमिंगसाठी नाहीच, विषय संपला. मला हे पटत नाही, कारण नेटवर याच्या बरोब्बर उलटे आकडेही दिसतात, लिनक्स पुढे आणि विंडोज मागे. कार्ड तेच, रॅम तीच, खोलीतला पंखासुद्धा तोच, मग कार्डाचा खरा आकडा कुठला धरायचा? जाणकारांनी सांगावं.

मितभाषी

दोन्ही खरे.

पर्वती_पायथा

मितभाषींनी नावाला जागून उत्तर दिलंय :) पण मुद्दा तोच आहे. एकच गाडी कात्रज घाटातून नेली आणि एक्सप्रेसवेवरून नेली तर मायलेज वेगळं येणारच, आता त्यातलं 'खरं' कुठलं म्हणणार?

वाड्यातला_पेंग्विन

पायथा, उपमा अर्धीच बसतेय. इथे रस्ता तोच आहे, पेट्रोल इंजिनपर्यंत नेणारी पाइप वेगळी आहे.

फ्रेमवेडा, आधी एक सांग, सुपरपोझिशन विंडोजवर डायरेक्टएक्समध्ये चालवलंस का ओपनजीएलमध्ये? सुरू करताना ती खिडकी येते तिथे निवडायचं असतं आणि विंडोजवर बहुतेक सगळे डायरेक्टएक्सच ठेवतात. लिनक्सवर डायरेक्टएक्स नाहीच, तिथे ते ओपनजीएलवर चालतं. म्हणजे प्रोग्रॅमचं नाव एक असलं तरी कार्डाकडे काम पोचवायचे मार्ग दोन, आणि दोन्ही मार्गांचा ड्रायव्हरमधला (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) कोडही वेगळा. अशी तुलना केली की ओएस (विंडोज का लिनक्स) बदलली आणि हा मार्ग, म्हणजे एपीआयही बदलला, मग फरक नेमका कशाचा हे कळणार कसं? विंडोजवर ओपनजीएल निवडून परत चालव, मग बोलू.

सायबरपंकची गोष्ट आणखी पुढची. तो गेम पीसीवर फक्त डायरेक्टएक्स १२ बोलतो. लिनक्सवर प्रत्येक डायरेक्टएक्स १२ चा कॉल व्हीकेडी३डी-प्रोटॉन हा थर व्हल्कन या तिसऱ्या एपीआयमध्ये बदलतो आणि मग तो ड्रायव्हरकडे जातो. जुने गेम असतील, डायरेक्टएक्स ११, १०, ९ वाले, तर हेच काम डीएक्सव्हीके करतो. डायरेक्टएक्स ११ च्या गेममध्ये हे इतकं मुरलंय की फरक जाणवतही नाही. पण डायरेक्टएक्स १२ आणि एनव्हिडिया ही जोडी लिनक्सवर अजून मार खाते, हे माहीत असलेलं दुखणं आहे. तेव्हा तू जे मोजलंस त्यात कार्ड आहे, ड्रायव्हर आहे, भाषांतराचा थर आहे, आणि नाव फक्त कार्डाचं लागतंय.

हिंजवडी_शटल

माफ करा पण मी असहमत. मला संध्याकाळी घरी आल्यावर तासभर गेम खेळायचाय. गेम डायरेक्टएक्स १२ चा आहे का व्हल्कनचा, मधे कोण भाषांतर करतंय, याच्याशी मला काय घेणं? विंडोजवर नव्वद एफपीएस (सेकंदाला फ्रेम) मिळतात आणि लिनक्सवर सत्तर, तर माझ्यासाठी लिनक्स हळू आहे. एपीआय सारखा करून मोजणं हा प्रयोगशाळेतला खेळ झाला. मी विंडोजवर ओपनजीएल निवडून कधीच काही चालवत नाही, मग त्या आकड्याचं करू काय?

वाड्यातला_पेंग्विन

@हिंजवडी_शटल, तुमचा प्रश्न वेगळा आणि पूर्ण रास्त आहे. 'मला काय मिळेल' हे विचारायचं असेल तर गेम जसा येतो तसा दोन्हीकडे चालवायचा, आकडा बघायचा, झालं. पण धागाकर्त्याने विचारलंय कार्डाचा खरा आकडा कुठला, आणि त्याच्या मित्रांनी त्यावरून ओएसबद्दल निकाल देऊन टाकलाय. त्या निकालाला एका वेळी एकच गोष्ट बदललेली असावी लागते. दोन प्रश्नांची दोन मोजमापं, एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं की भांडणं सुरू होतात.

जुनाजाणता

हा वाद नवा नाही हो. २०१२ च्या ऑगस्टमध्ये स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीच्या लिनक्स टीमने लेफ्ट फोर डेड २ चे आकडे जाहीर केले होते. मशीन एकच, जीटीएक्स ६८०, इंटेल आय७ ३९३०के, एकीकडे विंडोज ७ आणि एकीकडे उबुंटू १२.०४. लिनक्सवर गेम पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा ६ एफपीएस होते. नंतर गेममध्ये बदल केले, ड्रायव्हरवाल्यांबरोबर बसून काम केलं, आणि ३१५ पर्यंत नेलं. विंडोजवर डायरेक्ट३डीने तोच गेम २७०.६ देत होता. झालं, सगळीकडे ढोलताशे, लिनक्सने विंडोजला हरवलं म्हणून.

पण त्याच लेखात पुढचा आकडा होता तो फारसा कोणी वाचला नाही. विंडोजवरच ओपनजीएलने चालवल्यावर ३०३.४ आले. म्हणजे ४४ एफपीएसच्या फरकातले जवळजवळ ३३ एपीआयचे होते आणि ओएसच्या वाट्याला बारासुद्धा पूर्ण येत नाहीत. पेंग्विन जे सांगतायत ते तेव्हाच दाखवून झालेलं आहे.

आता याच आकड्यांकडे वेळ म्हणून बघा. २७०.६ एफपीएस म्हणजे एका फ्रेमला ३.७० मिलिसेकंद, ३१५ म्हणजे ३.१७. फरक अर्धा मिलिसेकंद. हाच अर्धा मिलिसेकंद ६० एफपीएसच्या गेममध्ये, जिथे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते, जास्तीचा लागला तर तुम्ही ६० वरून ५८ वर याल, कोणाच्या लक्षातही येणार नाही. एफपीएस जितका वर तितका तोच वेळेचा फरक मोठा दिसतो. म्हणून मी कुठलीही तुलना वाचताना आधी मिलिसेकंदात बदलून घेतो, कॅलक्युलेटर शेजारीच असतो.

पर्वती_पायथा

जुनाजाणता काका, दंडवत. हे मिलिसेकंदाचं कोणीच सांगत नाही.

मेसाप्रेमी

धागा सगळा एनव्हिडियाकडे चाललाय म्हणून रेडिऑनवाल्यांच्या (एएमडीची कार्डं) वतीने लिहितो, जरा लांबेल.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर दोन्ही ओएसवर बराचसा एकाच कोडमधून बांधलेला असतो, त्यामुळे एपीआय सारखा ठेवला की आकडे जवळ येतात. एएमडीचं तसं नाही. विंडोजवर एएमडीचा स्वतःचा ड्रायव्हर. लिनक्सवर आपण वापरतो तो मेसा हा खुला ड्रायव्हर संच, त्यातला व्हल्कनचा आरएडीव्ही, आणि तो २०१६ मध्ये एएमडीच्या बाहेरच्या लोकांनी सुरू केला. त्याचा शेडर (कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम) तयार करणारा कंपायलर एसीओ, तो व्हॉल्व्हच्या पैशातून झाला. शेवटी २०२५ मध्ये एएमडीने लिनक्ससाठीचा आपला एएमडीव्हीएलके हा व्हल्कन ड्रायव्हर बंद करून आरएडीव्हीलाच जवळ केलं. तर रेडिऑनवर तुम्ही विंडोज आणि लिनक्स तोलता तेव्हा दोन वेगळ्या टीमचं काम तोलत असता, ओएसचा गाभा, कर्नल, बिचारा बाजूला राहतो.

दुसरं म्हणजे तारीख. जुलै २०२२ पर्यंत विंडोजवर एएमडीचा ओपनजीएल इतका सुस्त होता की तेच कार्ड लिनक्सवर माइनक्राफ्टमध्ये कुठल्या कुठे पुढे जायचं. मग २२.७.१ ड्रायव्हर आला आणि विंडोजवरचा ओपनजीएल एकदम सुधारला. त्याआधीचे सगळे व्हिडिओ अजून यूट्यूबवर आहेत आणि लोक आजही ते पुरावा म्हणून चिकटवतात. ज्या तुलनेत ड्रायव्हरची आवृत्ती, मेसाची आवृत्ती, कर्नल आणि तारीख लिहिलेली नाही ती मी वाचतच नाही.

हिंजवडी_शटल

बरं, एपीआयचं आणि तारखेचं मान्य. पण मग सरासरीवरच एवढी चर्चा का? सरासरी ९० असून मधेच गचके बसत असतील तर त्या ९० ला काय चाटायचंय. मी १ टक्का लो बघतो.

जुनाजाणता

बरोबर, फक्त दोन्हीकडे एकाच पद्धतीने काढा. काही टूल सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमची सरासरी घेतात, काही ९९ व्या पर्सेंटाइलची (जिच्यापेक्षा हळू फक्त एक टक्का असतात ती) फ्रेम धरतात, नाव मात्र दोघांचं '१ टक्का लो'. लिनक्सवर मँगोहड आणि विंडोजवर प्रेझेंटमॉन, दोन्ही फ्रेम टाइमची फाइल लिहून देतात. ती स्प्रेडशीटमध्ये टाका आणि स्वतः काढा, मग वाद नको. आणि पहिली फेरी सोडून द्या. प्रोटॉनवर पहिल्या फेरीत शेडर तयार होत असतात, गचके त्याचेच असतात बऱ्याचदा.

रेंडरताई

गेम खेळणारी मी नाही, कर्वे रोडला आमचा छोटा स्टुडिओ आहे, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर काम चालतं. आमच्याकडे हा प्रश्न पैशाचा आहे, कारण रेंडर रात्रभर लागतो आणि सकाळी क्लायंटला दाखवायचा असतो.

ब्लेंडरच्या सायकल्स रेंडरमध्ये भाषांतराची भानगड नाही. एनव्हिडियावर दोन्हीकडे ऑप्टिक्स (एनव्हिडियाचीच रेंडरची पद्धत), कार्डावर चालणारा कोड तोच, सीन तोच. तिथे आमच्या मशीनवर लिनक्स थोडं पुढेच असतं, फार नाही पण रात्रभराच्या कामात कळतं. मोठा फरक मेमरीत पडतो. विंडोज डेस्कटॉप, ब्राउझर, दोन मॉनिटर मिळून कार्डाची मेमरी खाऊन बसतात. सीन जेमतेम मावणारा असेल तर तेवढ्यावरून काम अडतं. आम्ही रेंडरच्या मशीनवर लिनक्स ठेवून डेस्कटॉपच चालू करत नाही, सगळी मेमरी सीनला. शिवाय विंडोजवर कार्डाने ठरलेल्या वेळात, मूळ सेटिंग दोन सेकंदांची असते, उत्तर दिलं नाही तर ओएस ड्रायव्हर रीसेट करते. जड सीनवर मध्यरात्री हे झालं की रात्र गेली. असल्या गोष्टी कुठल्याच बेंचमार्कच्या आकड्यात येत नाहीत.

एक सूचना, ब्लेंडरचे आकडे बघताना ऑप्टिक्स आणि कुडा (एनव्हिडियाचीच दुसरी पद्धत) मिसळू नका. ऑप्टिक्स कार्डातले रे ट्रेसिंगचे कोअर वापरतं, कुडा नाही. एकाने लिनक्सवर कुडा, दुसऱ्याने विंडोजवर ऑप्टिक्स लावून तुलना केलेली मी स्वतः बघितली आहे. २०२१ च्या शेवटी आलेल्या ब्लेंडरच्या ३.० आवृत्तीत ओपनसीएल (रेडिऑनवर रेंडर करायची तेव्हाची पद्धत) काढून टाकलं, त्यामुळे रेडिऑनचे त्याआधीचे आणि नंतरचे आकडेही एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत.

एम_वन_वाला

मॅकचं कोणीच काढलं नाही. मी ॲपलच्या एम१ चिपवर युनिजिनचाच जुना बेंचमार्क, हेवन, चालवला होता, आकडा काही खास नाही आला. म्हणजे एम१ चा ग्राफिक्स भाग कच्चा समजायचा का?

मेसाप्रेमी

अजिबात नाही. हेवन २००९ चा आहे आणि इंटेल मॅकसाठी बांधलेला. तुमच्याकडे तो रोझेटातून (इंटेल मॅकचे प्रोग्रॅम नव्या चिपवर चालवणारा थर) चालला, त्यात त्याचा ओपनजीएल, आणि ॲपलच्या चिपवर ओपनजीएल हा मेटल या ॲपलच्या स्वतःच्या एपीआयच्या डोक्यावर बसवलेला थर आहे. ॲपलने २०१८ मध्ये मॅकओएसच्या मोजावे आवृत्तीपासून ओपनजीएल मोडीत काढलं, ते ४.१ वरच अडकलंय. गंमत बघा, त्याच एम१ वर 'असाही लिनक्स' या प्रकल्पाच्या (ॲपलच्या चिपवर लिनक्स आणणारा) लोकांनी बाहेरून ड्रायव्हर लिहून फेब्रुवारी २०२४ मध्ये ओपनजीएल ४.६ चं अधिकृत प्रमाणपत्र मिळवलं. हार्डवेअर तेच, ज्यांनी चिप बनवली त्यांच्या ओएसवर ४.१ आणि परक्यांच्या ओएसवर ४.६. मला या एका गोष्टीबद्दल त्या पोरापोरींचा फार आदर वाटतो.

मॅकला मेटलवरच मोजा. ग्रॅव्हिटीमार्क हा बेंचमार्क बघा, त्यात मॅकवर मेटल, विंडोजवर डायरेक्टएक्स १२ किंवा व्हल्कन, लिनक्सवर व्हल्कन असं निवडता येतं आणि दृश्य तेच राहतं. सायबरपंकही जुलै २०२५ मध्ये मॅकवर आला, पण तिथे मॅकसाठीचा खास प्रीसेट (तयार सेटिंग) असतो, तो सोडून सेटिंग हाताने जुळवा.

तापकीर_गल्ली_रेग्युलर

एक वेगळाच अनुभव, खरेदी करणाऱ्यांनी वाचा. जुनं जीटीएक्स १०६० घ्यायला गेलो होतो, दुकानदार सज्जन, म्हणाला लावून बघा. मी खिशातला लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता थेट चालणारा) लावला, त्यावर बेंचमार्क, आणि आकडा इतका खाली की कार्ड क्रिप्टो मायनिंगमध्ये जळालंय असंच वाटावं. दुकानदाराचा चेहरा पडला. नशीब बरोबर आलेल्या मित्राला विषय माहीत होता.

लाइव्ह पेनड्राइव्हवर सहसा एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर नसतो, नूव्हो हा बाहेरच्यांनी लिहिलेला खुला ड्रायव्हर असतो. आणि जीटीएक्स ९०० पासून पुढे १० सिरीजपर्यंतच्या कार्डांना क्लॉक (चिपचा वेग) वाढवायला एनव्हिडियाने सही केलेलं फर्मवेअर लागतं, ते नूव्होकडे नाही. त्यामुळे कार्ड सुरू होताना ज्या क्लॉकवर असतं तिथेच बसून राहतं. त्याच दुकानातल्या विंडोज मशीनवर लावलं, व्यवस्थित चाललं. कार्ड घेतलं, अजून चालू आहे. म्हणून तापकीर गल्लीत खरेदीला जाताना एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकून ठेवलेला पेनड्राइव्ह न्या, उगाच कोणाच्या मालाला नावं ठेवू नका.

वाड्यातला_पेंग्विन

वा, हा प्रतिसाद वरती चिकटवायला हवा.

फ्रेमवेडा, तुझ्या लॅपटॉपबद्दल मला आणखी एक शंका आहे. लॅपटॉपच्या आरटीएक्स ३०६० ला एनव्हिडियाने ६० ते ११५ वॅटचा पट्टा दिलाय, कंपनी आपापल्या डब्याप्रमाणे आकडा ठरवते. डेस्कटॉपच्या ३०६० मध्ये ३५८४ कुडा कोअर आणि १७० वॅट, लॅपटॉपमध्ये ३८४० कोअर, म्हणजे जास्तच, तरी डेस्कटॉपवालं पुढे. का, तर वॅट. आता विंडोजवर डायनॅमिक बूस्ट सीपीयूकडचे शिल्लक वॅट कार्डाला देतो. लिनक्सवर हेच काम एनव्हिडिया-पॉवरडी नावाची सर्व्हिस करते, आणि ती चालू नसेल तर कार्ड खालच्या मर्यादेवरच राहतं, कुठे काही सूचना नाही. टर्मिनलमध्ये एनव्हिडिया-एसएमआय या टूलला पॉवरची माहिती विचार, बेंचमार्क चालू असताना मर्यादा किती दाखवतंय ते लिही. तसंच विंडोजवर लॅपटॉपचं जे ॲप असतं त्यात परफॉर्मन्स मोड लावलेला असतो, उबुंटूत पॉवर मोड 'बॅलन्स्ड' वर असेल, तो बघ.

चार्जर लावूनच कर, गुरुवारी लाईट गेल्यावर बॅटरीवर केलेलं मोजमाप धरू नकोस, बॅटरीवर कार्डाचा गळा आवळलेला असतो. व्ही-सिंक (फ्रेम स्क्रीनच्या वेगाला बांधणारी सेटिंग) दोन्हीकडे बंद. आणि विंडोज सगळं आधी, लिनक्स सगळं नंतर असं करू नकोस. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी पारा चाळिशीला टेकतो, दुसऱ्या ओएसला तापलेला लॅपटॉप मिळतो. आलटून पालटून चालव, मधे सारखा वेळ थंड होऊ दे.

विंडोजच्या बाजूनेही न्याय करायचा तर मेमरी इंटेग्रिटी ही विंडोजची सुरक्षेची सोय चालू आहे का ते लिहून ठेव. ती गेममध्ये थोडा वेग खाते, मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये स्वतःच गेमवाल्यांना ती बंद करायचा पर्याय सांगितला होता. मी बंद करा म्हणणार नाही, सुरक्षेची गोष्ट आहे, पण नोंद हवी.

हिंजवडी_शटल

एवढं सगळं जुळवत बसायचं म्हणजे बेंचमार्क राहिला बाजूला, पीएचडीच झाली की हो :)

जुनाजाणता

शटलराव, एवढं न जुळवता 'अमुक ओएस भिकार' असं ठणकावून सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवून लोक हजारो रुपये घालतात. थोडी मेहनत घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

फ्रेमवेडा (धागाकर्ता)

सगळ्यांचे खूप आभार, सांगितलं तसं पहाटे थंडाव्यात परत सगळं केलं.

पेंग्विनदादांची शंका खरी निघाली. उबुंटूवर मर्यादा ८० वॅट दाखवत होतं, विंडोजवर ९५. एनव्हिडिया-पॉवरडी सुरू केली, मोड परफॉर्मन्स केला, उबुंटूवरही बेंचमार्कच्या मध्यात ९५ दिसायला लागले. सुपरपोझिशन विंडोजवर मी डायरेक्टएक्सवरच चालवलं होतं, आता दोन्हीकडे ओपनजीएल. फरक इतका कमी राहिला की एकाच ओएसवर दोनदा चालवलं तरी तेवढा हलतो. सायबरपंकमध्ये मात्र लिनक्स अजून मागेच आहे, दहा-पंधरा टक्क्यांच्या मधे कुठेतरी. रेडिऑनवाल्या एका मित्राच्या मशीनवर तोच गेम बघितला, तिथे मात्र दोन्ही ओएस अगदी खेटून.

म्हणजे माझ्या आधीच्या फरकातला मोठा भाग वॅट आणि एपीआय यांचा होता, ओएसचा नव्हताच. रूमवरच्या पोरांना फाइलसकट दाखवलं. एक जण म्हणाला सायबरपंकमध्ये विंडोजच जिंकलं ना. हो, जिंकलं, आणि तो गेम मी विंडोजवरच खेळणार. बाकी कॉलेजचं कुडाचं काम, ब्लेंडर आणि जुने गेम यासाठी उबुंटू.

हिंजवडी_शटल

हे असं लिहिलंस तर मीही सहमत.

मेसाप्रेमी

मँगोहडच्या फाइली आणि ड्रायव्हरची आवृत्ती इथे चढव, बाकीच्यांना ताडून बघता येईल. जमलं तर डायरेक्टएक्स ११ चा एखादा गेमही.

फ्रेमवेडा (धागाकर्ता)

रात्री चढवतो, विंडोजकडच्या प्रेझेंटमॉनच्याही.

नवीन_सदस्य_धनकवडी

मधेच विचारतो. धागा वाचून मीही लिनक्सवर बेंचमार्क लावला, दोन एफपीएस येतात. रेंडरर म्हणून 'एलएलव्हीएमपाइप' दाखवतंय. हे कुठल्या कंपनीचं कार्ड?

वाड्यातला_पेंग्विन

ते कार्ड नाही, तुमचा प्रोसेसर एकटा चित्र काढत बसलाय. ड्रायव्हर लागलेला नाही. कार्ड कुठलं आहे ते लिहा आणि सिक्युअर बूट चालू आहे का ते बायोसमध्ये बघून सांगा, पुढचं सांगतो.